ओवीखालचं नाव

जात्यावरच्या ओव्यांचा मराठीतला सर्वांत मोठा संग्रह उघडून बसलं, की ओवीच्या आधी माझी नजर तिच्या खालच्या ओळीकडे जाते. तिथे गाणारणीचं नाव असतं. मग गाव, तालुका, जिल्हा. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, जिल्हा परभणी. कोकणपट्टीपासून मराठवाड्यापर्यंतच्या अशा बायकांची नावं. ओवी जेमतेम दोन ओळींची, आणि तिच्याखाली ती ज्या बाईच्या तोंडून आली तिचं नाव. बाईच्या शब्दांखाली बाईचं नाव इतक्या मोठ्या प्रमाणावर नोंदलं गेल्याचं दुसरं उदाहरण मला मराठीत आठवत नाही.

हे काम उभं केलं हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी. पॉइतवाँ फ्रान्समधून आले आणि पुण्याचेच झाले. १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात, मुळशी-मावळच्या बाजूला, गरिबांच्या संघटनेचं काम करताना त्यांच्या ध्यानात आलं, की बैठकीत गप्प बसणाऱ्या बायकांपाशी जगण्याबद्दल बोलायला एक अख्खी भाषा आहे. ती बैठकीत येत नाही, जात्यावर येते. मग गावातल्याच कार्यकर्त्यांनी, त्यांतही पुष्कळशा बायकांनी, ओव्या वहीत उतरवायला घेतल्या. हजाराहून अधिक गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या! पुढे बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे अभ्यासक सोबत आले, शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं, ओव्यांची विषयवार वर्गवारी संगणकावर चढली. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. हा सारा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने, म्हणजे ‘पारी’ने, २०१७ पासून आवाजासकट लोकांपुढे आणायला सुरुवात केली.

त्याच्या आधी ओव्या कुणी जमवल्या नव्हत्या असं नाही. साने गुरुजींचं ‘स्त्री जीवन’ आहे. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या कामात आयुष्य घातलं. इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ सिद्ध केली, आणि एका मोठ्या कवयित्रीने अनाम कवयित्रींना वाचावं कसं, याचा तो वस्तुपाठ आहे. या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. पण संग्रहांची रीत अशी पडली होती, की ओवी ‘लोकां’ची असते. तिला कर्ता नसतो, ती परंपरेने आलेली असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. ओवीचा साचा परंपरेचा असतो. त्या साच्यात आज पहाटे कोणता शब्द बसवायचा, हे खुंटा धरलेली बाई ठरवते. एकाच ओवीची दहा गावांतली दहा रूपं शेजारी ठेवली, तर प्रत्येकीने काय बदललं ते दिसतं. कुणी भावाच्या जागी लेक आणते. कुणी सासूचा शब्द मऊ करते, कुणी तो मुद्दाम धारदार ठेवते. असं शब्द निवडणाऱ्या माणसाला आपण एरवी कवी म्हणतो.

*

ज्यांनी जातं फिरताना पाहिलेलं नाही अशी एक पिढी आता वाचक झाली आहे, म्हणून थोडं तपशिलात जाते. जातं म्हणजे दगडाच्या दोन तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. मधोमध खीळ, वरच्या तळीच्या काठाशी धरायला लाकडी खुंटा. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने तोंडात मुठीमुठीने घास घालायचा. घास जास्त झाला तर पीठ भरड येतं, कमी झाला तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कचकच उतरते. तळ्या गुळगुळीत झाल्या की टाकी लावून घ्यायच्या. दळणाऱ्या दोघी असल्या तर समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावतात. जावा-जावा, नणंद-भावजय, मायलेकी, कधी सासू आणि सून. दिवसभर एकमेकींशी धड न बोलणाऱ्या दोघींना पहाटे एकाच लयीत हात फिरवावा लागतो.

आणि वेळ पहाटेची. दिवसभराच्या भाकऱ्यांचं पीठ उजाडायच्या आत पडलं पाहिजे, कारण उजाडल्यावर पाणी, शेण, चूल, पोरं आणि रान. दळणासारखं अंग मोडणारं काम त्या दिवसात दुसरं क्वचितच असेल. पण तेवढ्याच वेळात तिला कुणी हाक मारत नाही. माणसं निजलेली असतात किंवा गोठ्याकडे गेलेली असतात. दगडाच्या घरघरीत शब्द बाहेरच्या खोलीपर्यंत पोचत नाहीत. काम चालू असल्यामुळे ‘काय गात बसलीस’ असंही कुणाला म्हणता येत नाही. तिला गाण्यासाठी वेळ कुणी दिलेला नाही. दळणाच्या वेळेतून तिने तो काढून घेतला आहे.

त्या वेळात तिने काय काय मांडलं! माहेरची वाट आहे, भाऊ आहे, तुळस आहे, पाऊस आहे, पंढरी तर आहेच. पण ज्या ओव्यांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबते त्या सीतेच्या. पुराणिकाने सांगितलेलं रामायण ऐकून बायका घरी आल्या आणि त्यांनी जात्यावर आपलं रामायण रचलं. त्यात कैकेयी सीतेला रावणाचं चित्र काढायला लावते. सीतेने त्याचा फक्त अंगठा पाहिलेला, म्हणून ती तेवढाच काढते. उरलेलं चित्र कैकेयी पुरं करते आणि रामाला दाखवते. म्हणजे सीतेच्या वनवासाचं कारण या बायकांनी नगरातल्या लोकापवादात शोधलं नाही, घरातल्या सासुरवासात शोधलं. रामाला देव मानत असतानाच त्यांनी त्याला जाब विचारला आहे. तारा भवाळकरांनी या सामग्रीवर वर्षानुवर्षं काम केलं; ‘सीतायन’ हे त्यांचं पुस्तक वाचताना कळतं, की आपल्याकडे स्त्रीच्या बाजूने रामायणाची मीमांसा करणारी पहिली बाई विद्यापीठात शिकलेली नव्हती.

रुक्मिणीचंही तसंच. ओवीतली रुक्मिणी विठोबावर रुसते, जनीवरून त्याला बोल लावते. देवाच्या घरातही भांडण आहे म्हटल्यावर आपल्या घरातलं भांडण बोलायला वाट मिळते. आणि विसाव्या शतकात याच साच्यात बाबासाहेब आले. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्यांचा मोठा संच या संग्रहात आहे. ज्या जातीला देवळात पाऊल टाकू दिलं नव्हतं, तिच्या लेकींनी देवादिकांची ओवी घेतली आणि तिच्यात आपला माणूस बसवला. लिहायला-वाचायला शिकायच्या आधीच चळवळ त्यांच्या गाण्यात आली होती.

*

आता नावाकडे वळते, कारण या लेखात मला खरं तर तेवढंच सांगायचं आहे. मराठी बाई बोलली, गायली, पुढे लिहीतही गेली. तिच्या शब्दांखालचं नाव मात्र पुन्हा पुन्हा गळत राहिलं, आणि ते कधी, कुणामुळे गळालं हे दाखवता येतं.

सुरुवात तिच्या नावापासूनच करू. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहीत. देवराष्ट्रेच्या कुर्लेकरांची यमुना रानड्यांची रमाबाई झाली. गोखल्यांची मनकर्णिका टिळकांची लक्ष्मीबाई झाली. जोश्यांच्या डॉक्टर आनंदीबाईही माहेरच्या यमुनाच. ज्या नावाने आई हाक मारायची ते नाव एका दुपारी संपे. आणि त्याच लग्नात, आणि पुढे प्रत्येक डोहाळजेवणात, हळदीकुंकवात, चारचौघांत तिच्याकडून रचना मागितली जाई ती उखाण्याची. यमक जुळवायचं, ऐनवेळी सुचवायचं, आवाज चढवून म्हणायचं. कवित्वाला लागणारं सगळं त्यात आहे, आणि त्याचा शेवट ठरलेला: त्याचं नाव. चारचौघांत तिला जी कविता म्हणायला लावली, तिच्यात तिचं स्वतःचं नाव येण्याची सोयच नव्हती.

संत कवयित्रींनी यातून वाट काढली होती. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालण्याची वारकऱ्यांची रीत जातीला आणि लिंगाला अडली नाही, ही मला त्या परंपरेतली फार मोठी गोष्ट वाटते. गंगाखेडची जनी नामदेवाचे वडील दामाशेटी यांच्या घरी दळणकांडण करत वाढली. तिचे साडेतीनशेच्या आसपास अभंग नामदेवाच्या गाथेत टिकले. स्वतःची सही ती नामदेवाची दासी म्हणून करते, सोयराबाई चोख्याच्या नात्याने करते. तरी सही आहे. सतराव्या शतकात शिऊरच्या बहिणाबाईने तर अभंगांतून आपलं चरित्रच लिहिलं, नवऱ्याने केलेली मारहाणही लिहिली, आणि सही केली ती आपल्याच नावाने. पंढरपूरजवळ गोपाळपुरात जनाबाईचं म्हणून दाखवलं जाणारं जातं आजही वारकरी फिरवून पाहतात. देवाने तिच्यासोबत दळलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ती दळता दळता काय रचत होती, ते मात्र त्या रांगेतल्या फार थोड्यांना म्हणून दाखवता येईल.

*

छापखाना आला तेव्हा नाव टिकणं सोपं व्हायला हवं होतं. १८५५ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ने मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध दोन भागांत छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. ती फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. धर्म कुणाचा, ग्रंथ कुणाचे, असे प्रश्न तिने त्या वयात जाहीर विचारले. त्यानंतर तिच्या हातचं दुसरं काही आपल्यापाशी नाही. चौदाव्या वर्षी असं लिहिणारी मुलगी पुढच्या आयुष्यात एकदाही लेखणी हातात घेत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. छापणारं कुणी तिच्यापर्यंत पुन्हा पोचलं नसावं, इतकंच मला त्यातून दिसतं.

ताराबाई शिंदे यांचं उदाहरण अधिक बोलकं आहे. बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे अपिलात ती बदलून काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. बायका किती बिघडल्या, शिक्षणाने आणखी कशा बिघडतील, असा सूर. त्या विधवेला पुन्हा लग्न करू दिलं नाही, मूल एकटीचं नव्हतं, हे कुणी लिहीत नव्हतं. ताराबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात छापून घेतलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलने’त ते लिहिलं. स्त्रियांवर जे जे दोष लादले जातात ते एकेक घेऊन पुरुषाच्या पदरात मोजून घातले. भाषा वऱ्हाडच्या मातीतली, तिखट, घरात भांडताना वापरावी तशी, आणि युक्तिवाद वकिलाला लाजवील असा. त्या काळच्या सुधारकी गद्यात इतकी जिवंत मराठी फारशी सापडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

टीका झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. टीकाकारांत आपलेही लोक होते, याचं त्यांना दुःख होतं. त्यानंतर शांतता. ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. पहिलंही विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापलं, तेव्हा मधे ९३ वर्षं गेली होती. या ९३ वर्षांत मराठी निबंधाचे इतिहास लिहिले गेले, अभ्यासक्रम ठरले, निबंधकारांच्या याद्या तोंडपाठ करून पिढ्या पास झाल्या. त्या यादीत एक बाई नव्हती म्हणून त्या पिढ्यांनी धरून चाललं, की बाईला युक्तिवाद जमत नसावा. नाव गळाल्याचं नुकसान एकट्या ताराबाईंचं झालेलं नाही. त्यांच्यामागून लिहू पाहणाऱ्या प्रत्येकीला आपणच पहिल्या आहोत असं वाटून सुरुवात करावी लागली.

आणि पन्नास वर्षांनी दुसरी एक सुरुवात झाली, ती नाव झाकून. १९३३ साली ह. वि. मोट्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट, त्यांच्या शरीराच्याही गरजा आहेत हे सांगणाऱ्या गोष्टी. महाराष्ट्र हादरला, आणि लगोलग प्रश्न सुरू झाला तो ‘ही कोण’ असा. गोष्टी खऱ्या की खोट्या, चांगल्या की वाईट, यापेक्षा लिहिणारी कोण हे शोधण्यात लोकांची शक्ती गेली. पुरुषानेच बाईच्या नावाने लिहिलं असावं, असाही तर्क निघाला. खऱ्या बाळूताई खरे कर्व्यांच्या महिला विद्यापीठात शिकलेल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. माहेरचं एक, सासरचं एक आणि लेखणीचं एक, अशी तीन नावं एका बाईला पुरवावी लागली. १९३३ साली त्यांनी खरं नाव घातलं असतं तर नोकरी राहिली असती का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तर ठाऊक असतं. तेव्हा नाव गळणं आणि नाव झाकणं यांत मी फरक करते. पहिलं दुसरे करतात. दुसरं बाई स्वतः ठरवून करते, आणि ते तिचं शस्त्रही असतं. मालतीबाई पुढे सोलापूरच्या गुन्हेगार मानलेल्या जमातींच्या वसाहतीत काम करून ‘बळी’ लिहितात, १९८१ च्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होतात. नाव झाकलं म्हणून त्या भित्र्या ठरत नाहीत.

बहिणाबाई चौधरींची कथा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही. शेतात आणि जात्यावर सुचलेलं मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी वहीत उतरवून घेत. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. आपण ही गोष्ट नेहमी आनंदाने सांगतो, आणि ती आनंदाचीच आहे. पण त्यातलं भाग्य किती नाजूक होतं! मुलगा कवी होता. ओळख अत्र्यांची होती. वही हरवली नाही. असोदा-जळगावच्या त्याच शिवारात, त्याच दशकांत, त्यांच्याच शेजारी खुरपणाऱ्या एखादीचा मुलगा कवी नव्हता, एवढाच फरक असू शकतो. आणि जे वहीत उतरायचं राहून गेलं, ते खुद्द बहिणाबाईंचंही गेलं.

*

फलटणच्या बेबी कांबळे यांना लिहिता येत होतं. त्यांची अडचण वेगळी होती. जन्म १९२९, वीरगावचा. आंबेडकरी चळवळीच्या हवेत वाढलेल्या. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतला कागद वाचायचा, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा तसल्याच कागदावर लिहायचं. लिहिलेलं नवऱ्याच्या आणि घरातल्यांच्या नजरेला पडणार नाही असं दडवायचं. असं वीसेक वर्षं चाललं. फलटणमध्ये राहून शिक्षणाचं काम करणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्याशी बोलताना ते कागद बाहेर आले. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून मजकूर क्रमशः आला, १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ पुस्तक झालं. मराठी दलित स्त्रीच्या आत्मकथनांतलं ते अगदी आरंभीचं.

त्या पुस्तकात त्यांनी जातीचा जाच लिहिला तसाच घरातला जाचही लिहिला; सुनेचे हाल, नवऱ्याचा मार, बाईनेच बाईला दिलेला त्रास. समाजाने आपल्याला छळलं हे लिहिताना टाळी मिळते. आपल्या माणसांनी छळलं हे लिहायला दडवलेलेच कागद लागतात. चळवळीतला एखादा कार्यकर्ता आपलं मनोगत वीस वर्षं फडताळात लपवून ठेवतो आहे, असं चित्र मला डोळ्यांसमोर आणता येत नाही. तो सभेत बोलेल, पत्रक काढेल. चळवळीत बाईचा आवाज हवा होता, घोषणेत तर हवाच होता. तिने घरातलं लिहिलेलं मात्र अडचणीचं होतं. १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं, तेव्हा आंबेडकरी चळवळीत राबलेल्या बायकांना गावोगाव जाऊन शोधावं, विचारावं लागलं. सभांच्या वृत्तांतांत त्यांची नावं पुरेशी नव्हती.

साहित्य संमेलनाचा हिशोबही इथेच देते. १८७८ साली पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. बाई अध्यक्षपदावर बसायला १९६१ साल उजाडलं: ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. मग १९७५ कराड, दुर्गा भागवत. १९९६ आळंदी, शांता शेळके. २००१ इंदूर, विजया राजाध्यक्ष. २०१९ यवतमाळ, अरुणा ढेरे. २०२५ दिल्ली, तारा भवाळकर. दिल्लीचं संमेलन ९८ वं. त्या ९८ अध्यक्षपदांत बायका सहा. याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला यात दिसलेली एक गोष्ट क्वचितच बोलली जाते: या सहांपैकी तिघी, दुर्गाबाई, अरुणाताई आणि ताराबाई, लोकसाहित्याच्या मोठ्या अभ्यासक. अनाम बायकांच्या ओव्या, कहाण्या आणि गीतं ऐकण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांची नावं त्या खुर्चीपर्यंत पोचली. तिथे त्या एकट्या गेल्या नव्हत्या, असं मला वाटतं.

*

पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्या आणि जातं मागे पडलं. याचं दुःख करणाऱ्यांनी एकदा तासभर दळून पाहावं. गिरणीने बायकांच्या खांद्यांवरून जे ओझं उतरवलं त्याला तोड नाही. पण ओवी त्या कष्टात इतकी मुरलेली होती, की कष्ट गेले आणि ओवीला जागा उरली नाही. आता ती लग्नात, जातं पुजताना आणि हळद दळताना, दोन-चार घटका परत येते. आणि कॅसेटच्या काळापासून आजच्या वाहिन्यांपर्यंत तीच ओवी वाद्यमेळासह वाजते, तेव्हा गायिकेचं नाव येतं, संगीतकाराचं येतं, निर्मात्याचं येतं. गीतकाराच्या जागी लिहिलेलं असतं ‘पारंपरिक’. दरम्यान १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं सक्तीचं झालं आहे. दाखल्यावर आई आली. गाण्याखाली अजून यायची आहे.

मावळातल्या एका गावात अशाच एका आजींकडे गेले होते. ऐंशीच्या पुढच्या. जातं परसात, पालथं. आजींना म्हटलं, एखादी ओवी म्हणा. त्यांनी मान हलवली. “न्हाई आठवत बाई. जातं फिरल्याबिगर तोंडात येत न्हाई.” कॉलेजात जाणारी नात आणि मी, दोघींनी मिळून तळ्या आत आणून मांडल्या, मूठभर ज्वारी घेतली. आजींनी खुंट्याला हात लावला, दोन फेरे नुसतेच घेतले, आणि मग तासभर थांबल्या नाहीत. नातीने फोनवर सगळं टिपून घेतलं. हे आजीला येतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

नंतर नात वही घेऊन बसली. मी तिला म्हटलं, प्रत्येक ओवीखाली आजींचं नाव लिही. तिने विचारलं, “आज्जी, कुठलं लिहू? लग्नातलं का आधीचं?”

आजींनी आपलं माहेरचं नाव सांगितलं. नातीने ते पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण तिने दोनदा विचारून घेतलं. “दोन्ही लिव्ह,” आजी म्हणाल्या. “आन् गाव बी दोन्ही.” विठोबाच्या ओव्यांखाली लिहून झालं, भावाच्या ओव्यांखाली झालं. मग सासूवरची एक आली, दिरावरची एक आली. नातीची लेखणी सवयीने खाली सरकली तशी आजींनी तिचा हात धरला.

“ह्या दोन राहू दे तशाच. जावा हायेत अजून.”

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आजी म्हणतात तसं कर. या लेखातही मी आजींचं नाव आणि गाव दिलेलं नाही, ते त्यांनीच सांगितलं म्हणून. वहीत मात्र ते आहे, दोन ओव्या सोडून सगळ्यांखाली.